लाल झालं की लिग्निन

३ ऑक्टोबर, शुक्रवार

आजपासून रोजनिशी. थोडक्यात, मुद्देसूद, भावनांना थारा नाही. पुढेमागे माझ्या कामाचा इतिहास लिहायची वेळ आली तर लोकांची पंचाईत नको.

मालकांनी सकाळी बोलावलं. कारखान्याची लॅब हा सीझन संपला की बंद. जॅम-जेलीचे नमुने बाहेरून तपासून घेतलेले परवडतात म्हणे. मला काढणार नाहीत, रिटर्न्सच्या टेबलावर बसवणार. रिटर्न्सचं टेबल म्हणजे दुकानांतून परत आलेल्या बाटल्या उघडायच्या, बुरशी आहे का बघायचं आणि लेबल खरवडायचं. एवढी वर्षं केमिस्ट म्हणून काढल्यावर. मी शांतपणे विचारलं, लॅबमधून विकण्यासारखं काही निघालं तर? मालक हसले. काढा की, कोण नको म्हणतंय, असं म्हणाले.

म्हणजे मालकांचा पूर्ण पाठिंबा आहे.

क्विन्सचे ट्रक आजपासून सुरू. पिवळंधमक फळ, अंगावर लव, वास असा की रस्त्यावरचा माणूस वळून बघतो. चावायला जावं तर दगड. कच्चं कोणी खात नाही, तोंडाला तुरटी चोळल्यासारखी ओढ बसते. आम्ही ते उकडून, गाळून जेली करतो. गाळणीत उरलेला चोथा ढिगाने डुकरांच्या फार्मवर जातो. आज त्या ढिगासमोर उभा राहिलो आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. जेली विकतो आणि सोनं डुकरांना घालतो आपण.

संकल्प: महिनाअखेर चोथ्यापासून खायचा पदार्थ. रोज पहाटे उठणे. चहा एकच.

४ ऑक्टोबर, शनिवार

उठायला उशीर झाला. चहा तीन. विचाराला चहा लागतो हे कालच्या संकल्पात धरायचं राहिलं.

५ ऑक्टोबर, रविवार

जेवताना घरच्यांना लिग्निन समजावून सांगितलं. घरचे म्हणजे ही आणि अप्पा. ही शाळेत गणित शिकवते, त्यामुळे तिला कुठलीही गोष्ट पटकन पटत नाही. अप्पा माझे वडील. आयुष्यभर वजनकाटे तपासायच्या खात्यात होते. दुकानादुकानात जाऊन काटा बरोबर की खोटा ते बघायचं, बरोबर असेल तर शिक्का मारायचा आणि पुढे जायचं. बोलणंही तसंच. मी केमिस्ट्रीत पहिला आलो तेव्हा ठीक आहे म्हणाले होते.

तर लिग्निन. लाकडाला लाकूडपण देतं ते. क्विन्सच्या गरात त्याचे बारीक बारीक खडे असतात, तेच दाताखाली वाळूसारखे कचकचतात. रचना अशी की कड्याला कडं, कड्याला कडं, पण त्यात ओळ नाही, क्रम नाही. सगळ्यांनी एकमेकांचे हात धरलेत आणि कोणी कोणाचा धरलाय याचा पत्ता नाही. म्हणून ते तोडायचं कुठून हे पोटाला कळत नाही. माणूस लिग्निन पचवू शकत नाही. मी हा त्याचा मोठा गुण मानतो. जे पचत नाही ते वजन वाढवत नाही, साखर वाढवत नाही, आत शिरतं आणि झाडू मारून बाहेर पडतं.

ही म्हणाली, म्हणजे लाकडाचा भुसा. मी म्हटलं, भुशाला असा सुगंध नसतो. ती म्हणाली, सुगंध तर साबणालाही असतो.

अप्पा खाली बघून जेवत होते. पण ऐकत होते असं वाटलं.

८ ऑक्टोबर, बुधवार

आजची तारीख लक्षात ठेवण्यासारखी.

लिग्निन ओळखायची टेस्ट सोपी. एका पांढऱ्या पावडरचं पाणी टाकायचं, वर कडक ॲसिडचे थेंब. लिग्निन असेल तर लाल होतं. चोथ्यावर टाकलं: लाल. हे अपेक्षितच. सालीवर: लाल. गरावर: लाल. मग गंमत म्हणून गाळलेल्या स्वच्छ रसावर टाकलं. जरा गरम केल्यावर तोही लाल. डाळिंबासारखा.

रसात लिग्निन नसतं असं सगळी पुस्तकं सांगतात. पुस्तकं जुनी आहेत. आमच्या क्विन्समध्ये लिग्निन काठोकाठ आहे, साल ते रस. हे जगात कोणाच्या नजरेला कसं आलं नाही याचं आश्चर्य वाटलं. पण पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, आणि इथे तर पिकवणाऱ्यांनी कधी बघितलंच नाही.

मालकांना फोन केला. मीटिंगमध्ये होते.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

पांढरी पावडर संपली. बाटलीच्या तळाला चिकटलेली चिमूटभर काय ती उरली. खरेदी खात्यात गेलो. तिथला क्लार्क म्हणाला, बंद होणाऱ्या लॅबला नवीन माल देत नाहीत, वरून ऑर्डर आहे. हसत म्हणाला. अशा लोकांची नावं इतिहासात राहत नाहीत.

लॅबमध्ये परत येऊन सवयीने चोथ्यावर नुसतं ॲसिड टाकलं आणि गरम केलं. लाल झालं.

बराच वेळ खिडकीशी उभा राहिलो. मग लक्षात आलं, लिग्निन इतकं प्रचंड आहे की त्याला पावडरची गरजच उरलेली नाही. रिपोर्टमध्ये 'खर्चात बचत' या मथळ्याखाली लिहिणार.

१२ ऑक्टोबर, रविवार

घरच्या ओव्हनमध्ये पहिली बिस्किटं. चोथा वाळवून, दळून, थोडं पीठ, थोडा मध. रंग तांबूस विटकरी. वास अप्रतिम. आवाज मात्र टाइल्ससारखा.

हिने एक तुकडा तोंडात घेतला आणि बेसिनकडे गेली. बराच वेळ गुळण्या केल्या. आल्यावर म्हणाली, दातांत वाळू अडकलीय आणि जीभ टाळ्याला चिकटलीय. मी दोन्ही निरीक्षणं लिहून घेतली. म्हणाली, लिहू नका, फेकून द्या.

अप्पांनी आख्खं बिस्किट खाल्लं. कवळी लावून, सावकाश, बशीतले कणसुद्धा बोटाने टिपून. मग म्हणाले, बरं आहे.

बरं आहे. शब्दशः लिहून ठेवतो. ठीक आहेच्या वरची पायरी आहे ती. ही दुसऱ्या खोलीतून म्हणाली, अप्पांच्या पोटाचं ऑपरेशन झालेलं आहे, अल्सरवालं, त्यांना असलं कडक काही देऊ नका. ते ऑपरेशन मी कॉलेजात असतानाचं. आणि पोटाला कामाला लावायचं हाच तर या पदार्थाचा उद्देश.

१५ ऑक्टोबर, बुधवार

मालक भेटले. जिन्यात. तब्बल दोन मजले बरोबर चाललो. महिनाअखेर एका मोठ्या दुकानसाखळीचा खरेदीवाला जेली बघायला येतोय, त्याला तुमचंही दाखवा म्हणाले. फक्त एक अट: कोणीतरी रोज खातंय आणि त्याला बरं वाटतंय असा पुरावा हवा. मी म्हटलं, चाचणीगट नेमलेला आहे.

लगेच नेमला. कँटीनमध्ये बिस्किटं वाटली. निकाल संमिश्र. पॅकिंगच्या बाया म्हणाल्या, घरी नेऊन खातो; डबे कचऱ्यात सापडले. अकाउंटवाल्याने एक चावलं आणि सुट्टी टाकली. बॉयलरवाल्याने बिस्किट डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवलं, ते अजून तिथेच आहे, टेबल हलत नाही. 'टिकाऊपणा: उत्तम' अशी नोंद केली.

चाचणीगटात सध्या एक सदस्य. अप्पा. पण संख्येपेक्षा सातत्य महत्त्वाचं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

अप्पांना आजपासून सकाळी दोन, संध्याकाळी दोन. डब्यावर चिठ्ठी चिकटवली. त्यांनी चष्मा लावून ती वाचली, मान हलवली आणि डबा आपल्या खुर्चीशेजारी ठेवून घेतला. शिक्का मारलेल्या काट्यासारखा माणूस. एकदा हो म्हटलं की तोळाभर इकडेतिकडे नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

मोठी प्रगती. अप्पांना भूक लागत नाही.

काल रात्रीचं जेवण अर्धं टाकलं. आज दुपारी दोन घास. विचारलं तर म्हणाले, पोट भरलेलं वाटतं. रिपोर्टमध्ये नवीन मथळा: 'दीर्घकाळ तृप्ती'. जगभरात लोक यासाठी गोळ्या घेतात.

ही म्हणाली, ते जेवत नाहीयेत. मी म्हटलं, तेच तर. ती माझ्याकडे बघत राहिली. शाळेत फळ्यावरचं गणित चुकलेल्या पोराकडे असंच बघत असणार.

संकल्प: हिच्याशी वाद घालायचा नाही. शांतपणे मुद्दे मांडायचे.

२० ऑक्टोबर, सोमवार

वाद झाला.

भांडी विसळता विसळता मी सहज नुसत्या ॲसिडचा किस्सा सांगितला. बचतीचं कौतुक होईल म्हणून. तिने नळ बंद केला. म्हणाली, पावडर टाकली की लाल आणि नाही टाकली तरी लाल, मग पावडरने सांगितलं काय? मी म्हटलं, लिग्निन भरपूर आहे एवढं. ती म्हणाली, मी वर्गात प्रत्येकाला पैकीच्या पैकी दिले तर सगळी मुलं हुशार ठरतात का? आणि कारखान्यातल्या कढईत क्विन्स शिजतं तेव्हा ते आपलं आपण लाल होतं, हे तुम्हीच लग्नानंतर कौतुकाने दाखवायला नेलं होतं ना?

नेलं होतं. पांढरट फोडी शिजता शिजता आधी गुलाबी होतात, मग विटकरी, मग लाल. तुरटपणा आणणारी टॅनिनं असतात, ती उष्णतेने आणि आंबटाने रंग धरतात. दुसऱ्या वर्षाला होतं हे आम्हाला. परीक्षेत आलं होतं.

वरची दोन वाक्यं खोडायची आहेत.

मी तिला म्हटलं, गणिताला वास नसतो, त्यामुळे तुला फळातलं कळणार नाही. हे बोलायला नको होतं. ती अप्पांच्या खोलीत जाऊन बसली.

२२ ऑक्टोबर, बुधवार

शंकेचं कायमचं निरसन करायचं ठरवलं. पेन्सिलीला टोक केलं. लाकडाचा शुद्ध नमुना, लिग्निनची खात्री. एका वाटीत भुसा आणि नुसतं ॲसिड: काही नाही. दुसऱ्या वाटीत भुसा, बाटलीच्या तळाची खरवडून काढलेली पावडर आणि ॲसिड: झक्क लाल. तिसऱ्या वाटीत क्विन्सचा रस आणि नुसतं ॲसिड: लाल.

म्हणजे लाकूड पावडरशिवाय लाल होत नाही, आणि क्विन्स होतं.

निष्कर्ष: पेन्सिलीचं लाकूड हलक्या प्रतीचं आहे.

दुपारभर काही सुचलं नाही. वाट्या धुतल्या. परत धुतल्या. रसातलं लाल म्हणजे टॅनिन असेल, तर रिपोर्टमधले लिग्निनचे सगळे आकडे फुगलेले आहेत. आणि टॅनिन म्हणजे... पण चोथ्यात खडे आहेतच, ते दाताला कळतात. थोडं लिग्निन, थोडं टॅनिन. खाणाऱ्याला काय फरक पडतो? मीटिंग तोंडावर आलेली असताना नाव बदलून गोंधळ करण्यात अर्थ नाही. मीटिंग झाल्यावर दुरुस्ती करणार. लहान अक्षरात.

२५ ऑक्टोबर, शनिवार

आज अप्पांनी विचारलं, तुझ्या बिस्किटांचं कुठवर आलं.

माझ्या आठवणीत अप्पांनी माझ्या कामाबद्दल प्रश्न विचारला नव्हता. ना नोकरी लागली तेव्हा, ना लॅब मिळाली तेव्हा. मी खुर्ची ओढून बसलो. हिच्या शिवणाच्या डब्यातली बटणं घेतली आणि टेबलावर लिग्निन मांडून दाखवलं. हे कडं, याला हे, त्याला ते, इथून फांदी फुटली, ही फांदी पुन्हा तिकडे जुळली. अख्खं टेबल भरलं. ते शेवटपर्यंत ऐकत होते. मधेच एक बटण खाली पडलं तर वाकून उचलायला गेले, पण अर्ध्यातूनच परत बसले आणि पोटावर हात दाबून धरला. जरा जड वाटतं म्हणाले.

मग म्हणाले, म्हणजे कोणी कोणाला धरलंय ते कळतच नाही म्हणतोस.

मी म्हटलं, नाही कळत.

म्हणाले, ठीक आहे. चालू ठेव.

त्यांचा पट्टा एक भोक आत गेलाय. 'वजन नियंत्रण' हा मथळा वाढवला. आज मला खूप बरं वाटलं, एवढंच लिहितो. अशी दुपार मला आधी मिळाली असती तर मी कदाचित आणखी पुढे गेलो असतो.

२७ ऑक्टोबर, सोमवार

उद्या मीटिंग. शर्ट इस्त्री केला. रिपोर्टला कव्हर. हिने सकाळी अगदी शांत आवाजात सांगितलं, अप्पांनी काल काही खाल्लं नाही आणि आज ढेकरांना घाण वास येतोय, डॉक्टरांकडे नेऊ या. मी म्हटलं, परवा. परवा सकाळीच नेऊ. उद्याचा दिवस जाऊ दे. अप्पाही म्हणाले, परवा चालेल, त्याचं काम होऊ दे.

पेशंट स्वतः चालेल म्हणतोय तर घाई कशाला.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

मीटिंग उत्तम झाली. आधी ते लिहितो.

खरेदीवाला जाडजूड, हसरा माणूस. बिस्किटाचा वास घेऊन डोळे मिटले. चावलं नाही, फोडायचा प्रयत्न केला, जमलं नाही, म्हणाला, फील प्रीमियम आहे. मी काचेच्या नळीत रस घेतला, ॲसिड टाकलं, गरम केलं. लाल. मालक टाळी वाजवणार होते असं वाटलं. खरेदीवाल्याने विचारलं, हे रोज खातं कोण? मी म्हटलं, माझे वडील. पंच्याहत्तरी ओलांडलीय. वा, म्हणाला, मग पाकिटावर त्यांचाच फोटो टाकू या. हसरे आजोबा. लोकांना विश्वास वाटतो.

टेबलावर माझा फोन थरथरत होता. हिचा. कट केला. परत आला. कट केला. तिसऱ्यांदा मालकच म्हणाले, अहो घ्या.

ही म्हणाली, अप्पांना सकाळपासून उलट्या होतायत, काळपट, टॅक्सीत बसवलंय, हॉस्पिटलला निघालोय. मी म्हटलं, दहा मिनिटांत निघतो.

मग 'दीर्घकाळ तृप्ती'चं पान दाखवलं. ते राहिलं होतं. दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला.

२९ ऑक्टोबर, बुधवार. हॉस्पिटल

अप्पांच्या पोटात गोळा झालाय. साधा नाही. डॉक्टरबाईंनी स्क्रीनवर दाखवला. मुठीएवढा, खडबडीत.

त्यांनी कारण सांगितलं. जुन्या ऑपरेशनमुळे पोटाची हालचाल मंद. कवळीमुळे चावणं कमी. अशा पोटात कडक तंतू आणि तुरट टॅनिन एकत्र गेलं की आतल्या आंबटाने टॅनिन चिकट होतं, तंतूंना धरून बसतं आणि थरावर थर चढतो. मी खाली बघत ऐकत होतो. हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्यांनी विचारलं, पेशंट काय खात होते? मी म्हटलं, मिश्र आहार. हिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. डॉक्टरबाईंनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, फळं. कुठलं फळ? मग मी सांगितलं. सांगताना का कोण जाणे, कड्यांची रचनाही सांगू लागलो, हात हवेत करून. डॉक्टरबाई थांबल्या होत्या. माझं झाल्यावर म्हणाल्या, आधी शीतपेयाने मऊ करून बघू, बाजारात मिळतं तेच, कोला. नाही झालं तर दुर्बिणीतून तुकडे करू. तेही नाही झालं तर पोट उघडावं लागेल, आणि या वयात ते मला नको आहे.

मला वाटलं होतं निदान औषधाचं काहीतरी मोठं नाव असेल.

कॉरिडॉरमध्ये ही माझ्या शेजारी बसली, मधे एक खुर्ची सोडून. मी म्हटलं, डोस थोडा जास्त झाला असावा. ती म्हणाली, आता एक शब्द बोलू नका.

३० ऑक्टोबर, गुरुवार

नाकातून नळी. नळीतून कोला. अप्पा डोळे मिटून पडलेले. नर्सबाई म्हणाल्या, आजोबा काही म्हणजे काही तक्रार करत नाहीत. मला माहीत आहे.

कँटीनमध्ये बसून रिपोर्ट उघडला. दुरुस्त्या सुरू केल्या. 'दीर्घकाळ तृप्ती' खोडलं. 'वजन नियंत्रण' खोडलं. लिग्निनचे आकडे खोडले. मग कव्हर तेवढं उरलं. चांगलं कव्हर आहे.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

गोळा मऊ झाला. दुर्बिणीतून तुकडे केले. दुपारपर्यंत सगळं बाहेर. पोट उघडावं लागलं नाही. डॉक्टरबाई बाहेर येऊन म्हणाल्या, झालं. ही उठून उभी राहिली आणि रडली. मग पहिल्यांदा माझा हात धरला, पण आधारासाठी, माफ केलं म्हणून नाही.

डॉक्टरबाईंनी बरणी दाखवली. तांबूस विटकरी तुकडे, आत कचकच. नमुना हवाय का विचारलं, मी केमिस्ट आहे असं ऐकलं होतं त्यांनी. नको म्हटलं.

संध्याकाळी मालकांचा मेसेज. खरेदीवाल्याला माल पसंत. पहिली ऑर्डर पक्की, सोमवारपासून चोथा वाळवायला घ्या, लॅब चालू राहील, खाली नवा बोर्ड लावू. वडिलांचा फोटो पाठवा, हसरा.

१ नोव्हेंबर, शनिवार

सबंध दिवस विचार केला. भावनेच्या भरात निर्णय घेणं शास्त्रज्ञाला शोभत नाही. सगळ्यांच्या पोटाचं ऑपरेशन झालेलं नसतं. सगळ्यांना कवळी नसते. पाकिटावर लिहू: नीट चावून खा, भरपूर पाणी प्या, वृद्धांनी विचारून घ्या. रोज चार नाही, एक. आठवड्यातून एक. चोथा कमी, पीठ जास्त. चोथा अगदी नावाला. चोथा न घालता नुसता वासच घातला तर?

असं करत करत बिस्किट साध्या बिस्किटापर्यंत आलं. तरी लॅब वाचते. लॅब वाचली तर पुढे नीट संशोधन करता येईल. मालकांना हो कळवायचं ठरवलं. मेसेज लिहिला. पाठवला नाही, कारण आधी अप्पांना सांगावं असं वाटलं. माझ्या कामात रस घेणारा तेवढाच एक माणूस.

२ नोव्हेंबर, रविवार

सोमवारपासून रिटर्न्सच्या टेबलावर बसायचं. मालकांना दुपारी फोन करून सांगितलं, हा माल काढू नका, खायच्या लायकीचा नाही, रिपोर्ट चुकीचा आहे. ते चिडले. आता खरेदीवाल्याला काय तोंड दाखवू म्हणाले. मग म्हणाले, लॅबची किल्ली उद्या गेटवर द्या. देतो म्हटलं.

असं का केलं ते लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मीच काहीतरी दुसरं कारण काढीन.

सकाळी अप्पांपाशी गेलो. नळी काढली होती. ही त्यांना चमच्याने पातळ सूप भरवत होती. चमचा मी घेतला. ती खिडकीशी गेली. दोन-चार चमचे झाल्यावर मी म्हटलं, अप्पा, एक चांगली बातमी आहे, बिस्किट पास झालं. लॅब राहिली. पाकिटावर तुमचा फोटो टाकणार आहेत.

अप्पांनी तोंडातलं सूप गिळलं. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता म्हणतील. ठीक आहे तरी म्हणतील.

आवाज घशातून नीट निघत नव्हता. मी कान जवळ नेला. त्यांनी विचारलं, मग आता मला ती खायला नकोत ना?

ही खिडकीतून वळली नाही. तिला हे आधीपासून माहीत होतं, तिच्या पाठीवरून कळलं. नंतर विचारल्यावर तिने सांगितलं. अप्पांना पहिल्या दिवसापासून ते चावताच येत नव्हतं. चहात बुडवून ठेवायचे, तरी मऊ होत नसे, मग तसेच तुकडे गिळायचे. तिने डबा उचलला की परत मागून घ्यायचे. म्हणायचे, कारखान्यात कोणी खात नाहीये त्याचं. एवढं केलंय त्याने, कोणीतरी खायला हवं.

मी म्हटलं, नको अप्पा. आता नको खायला.

त्यांनी मान हलवली आणि पुढच्या चमच्यासाठी तोंड उघडलं.